घरपट्टी माफ झाली, पुढे काय?

माजी सैनिकांची सेवा आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे अधिकार



दरवर्षी ७ डिसेंबर रोजी आपल्या देशात सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. १९४९ साली ही प्रथा सुरू झाली. त्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी निधी संकलनाचा शुभारंभ होतो, शासकीय कार्यालयांना उद्दिष्टे वाटून दिली जातात, छातीवर छोटासा ध्वज लावला जातो आणि वीरपत्नी, वीरमाता यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार होतो. हे सारे उचितच आहे. परंतु ८ डिसेंबरला ही माणसे आपापल्या गावी परतलेली असतात. गावात त्यांची विचारपूस करण्याचे काम कोणाचे, त्यासाठी पैसा कोणी द्यायचा आणि तो देण्याचा अधिकार गावाच्या कारभाऱ्यांना आहे काय, हे प्रश्न सत्काराच्या मंचावर फारसे विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात आपण त्यांचाच विचार करणार आहोत. आणि तो वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुका डोळ्यांसमोर ठेवून करणार आहोत.

मानोराच का?

सैनिकांची गावे म्हटली की आपल्याला सातारा, सांगली, कोल्हापूर हे जिल्हे आठवतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे; पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा गावांत माजी सैनिकांच्या संघटना बळकट असतात, निवृत्तिवेतनाचा अर्ज कसा भरावा हे शेजारीही सांगू शकतो आणि ग्रामपंचायतीला सैनिकाच्या घराची आठवण करून द्यावी लागत नाही.

मानोऱ्याची गोष्ट निराळी आहे. हा तालुका सोयाबीन, कापूस आणि तुरीचा. त्याचे नाव दूरवर पोहोचले ते बंजारा समाजाच्या पोहरादेवी या तीर्थक्षेत्रामुळे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला आणि मानोरा त्यातील सहा तालुक्यांपैकी एक ठरला. पुढे २०१८ साली केंद्र सरकारने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले, त्यांत वाशिमचाही समावेश झाला. आकांक्षित हा शब्द गोड असला तरी त्याचा अर्थ मागे राहिलेला असाच आहे. अशा तालुक्यात सैन्याची परंपरा घरोघरी नसते. जो माजी सैनिक असतो तो विखुरलेला असतो, त्याच्यामागे संघटनेचे बळ थोडे असते आणि ज्या ग्रामपंचायतीकडे त्याने पाहावे तिची स्वतःची मिळकतही तुटपुंजी असते. म्हणूनच कायद्याने दिलेल्या अधिकाराची खरी कसोटी मानोऱ्यासारख्या ठिकाणी लागते.

कोण काय देते?

सैनिक हा देशाचा असतो आणि संरक्षण हा घटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीचा विषय आहे. त्यामुळे निवृत्तिवेतन केंद्र सरकार देते. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ हे तत्त्व १ जुलै २०१४ पासून लागू झाले. माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना २००३ साली सुरू झाली. ज्यांना निवृत्तिवेतनच नाही, अशा हवालदार पदापर्यंतच्या ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना संरक्षणमंत्र्यांच्या कल्याण निधीतून निर्वाह अनुदान मिळते. ते दरमहा ४,००० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते दुप्पट करून ८,००० रुपये करण्यात आले. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणासाठीचे अनुदान दरमहा १,००० वरून २,००० रुपये आणि विवाहासाठीचे अनुदान ५०,००० वरून १,००,००० रुपये झाले. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना हे नवे दर लागू झाले. यासाठीचा पैसा ध्वजदिन निधीतून येतो, ही गोष्ट त्या दिवशी डब्यात नाणे टाकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

केंद्राच्या खाली राज्याची व्यवस्था आहे. पुण्यातील सैनिक कल्याण विभाग आणि त्याच्या हाताखालील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये ही त्या व्यवस्थेची अंगे होत. त्यांच्या खर्चाचा वाटा केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. सैनिकांच्या पाल्यांसाठी वसतिगृहे आहेत, शासकीय नोकरीत तिसऱ्या व चौथ्या श्रेणीतील १५ टक्के जागांवर समांतर आरक्षण आहे.

आता आणखी एक पायरी खाली उतरू या. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपंचायत आणि ग्रामपंचायत काय देतात? येथे एकच ठळक उत्तर मिळते: घरपट्टीची माफी. पूर्वी ही सवलत शौर्यपदकधारक व सैनिकांच्या विधवा अशा मर्यादित घटकांनाच होती. २०२० साली राज्य शासनाने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक सन्मान योजना आणली आणि ही माफी सर्व माजी सैनिकांना खुली केली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र दाखविल्यावर एका घरापुरता मालमत्ता कर माफ होतो.

अधिकार आहे, पण कशाचा?

७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली. पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय अकराव्या अनुसूचीत आणि नागरी संस्थांकडे सोपवावयाचे १८ विषय बाराव्या अनुसूचीत लिहिले गेले. या दोन्ही याद्या वाचल्या तर माजी सैनिक हा शब्द कोठेही आढळत नाही. परंतु अकराव्या अनुसूचीत समाजकल्याण आहे, दुर्बल घटकांचे कल्याण आहे, दिव्यांगांचे कल्याण आहे. वृद्ध, निवृत्तिवेतन नसलेला, लढाईत अपंगत्व आलेला सैनिक किंवा त्याची निराधार विधवा या शब्दांच्या कक्षेत निश्चितच येतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणि जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ हे कायदेही समाजकल्याणाचे काम या संस्थांकडे देतात. म्हणजे ग्रामपंचायतीने अशा कुटुंबासाठी काही सेवा उभी करावी, याला कायद्याची आडकाठी नाही.

तरीही व्यवहारात तसे घडताना क्वचितच दिसते. याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. सरपंच आणि ग्रामसेवक हे लेखापरीक्षणाला भितात, आणि ती भीती अनाठायी नसते. ज्या खर्चाचे नाव शासन निर्णयात स्पष्ट लिहिलेले आहे तो खर्च निर्धास्तपणे केला जातो. ज्याचे नाव नाही त्याला हात लावण्यास कोणी धजावत नाही. उदाहरणार्थ, स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावा, असे ग्रामपंचायतींना स्पष्ट सांगितलेले आहे. तेथे निदान हिशेब विचारता येतो. माजी सैनिकाच्या बाबतीत पंचायतीला कर सोडून देण्याची आज्ञा मिळाली. सेवेवर पैसा खर्च करण्याचे शब्द कोणी लिहून दिले नाहीत.

माफीचा लाभ कोणाला?

घरपट्टीची माफी हा सन्मान आहे आणि त्याचा अनादर करण्याचे कारण नाही. मात्र त्याचा हिशेब शांतपणे मांडला पाहिजे. घराचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि मूल्य यांवरून घरपट्टी ठरते. ज्याचे स्लॅबचे मोठे घर आहे त्याची घरपट्टी अधिक, म्हणून त्याला मिळणारी माफीही अधिक. ज्याचे मातीच्या भिंतींचे, टिनाचे घर आहे त्याची घरपट्टी मुळातच किरकोळ, म्हणून त्याची माफीही किरकोळ. जो मुलाच्या घरात किंवा भाड्याच्या खोलीत राहतो त्याच्या हाती तर काहीच पडत नाही. याचा अर्थ असा की, ज्याला निवृत्तिवेतन मिळते व ज्याने त्यातून घर बांधले, त्याला या योजनेचा लाभ जास्त होतो, आणि पंधरा वर्षांची सेवा पूर्ण होण्यापूर्वीच सैन्यातून बाहेर पडल्यामुळे जो निवृत्तिवेतनाला मुकला, त्याला सर्वांत कमी.

दुसरी बाजू पंचायतीची. कर माफ करण्याचा निर्णय मुंबईत होतो, परंतु त्याचा भार पडतो तो गावाच्या स्वतःच्या मिळकतीवर. घरपट्टी ही ग्रामपंचायतीच्या हातातील खऱ्या अर्थाने स्वतःची अशी मोजकी रक्कम आहे. वित्त आयोगाचा पैसा येतो, पण पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात त्यातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेच्या कामांना बांधलेली होती. तेव्हा घरपट्टीतून जे गळते ते गावाच्या दिवाबत्तीतून आणि नालीच्या कामातून गळते. देशाचे ऋण फेडण्याचा खर्च अशा रीतीने देशातील सर्वांत दुबळ्या तिजोरीच्या माथी येतो.

खरी गरज कोणती?

मानोरा तालुक्यातील एखाद्या खेड्यात राहणारी सत्तरीची सैनिकपत्नी कल्पनेने डोळ्यांसमोर आणू या. पती निवृत्तिवेतनाविना वारले. आठ हजार रुपयांचे अनुदान आहे हे तिला कोणी सांगितलेले नाही. सांगितले तरी अर्ज संगणकावर भरायचा, पतीचे सैन्यातून मुक्त झाल्याचे पुस्तक शोधायचे, नावातील फरकाबद्दल प्रतिज्ञापत्र करायचे आणि जिल्ह्याच्या कार्यालयाची शिफारस मिळवायची. त्यासाठी मंगरूळपीरमार्गे वाशिम गाठायचे. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. म्हणजे तिची अडचण भाड्याची राहिलेली नाही. तिला एकटीला जाता येत नाही. सोबत मुलगा किंवा नातू हवा, आणि त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. एक कागद कमी पडला की पुन्हा तीच फेरी, पुन्हा तोच बुडालेला दिवस.

निवृत्तिवेतन मिळणाऱ्यांचीही ओढाताण निराळी नाही. संरक्षण विभागाचे निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून दिले जाते. वर्षातून एकदा हयातीची ओळख पटवावी लागते. ती राहून गेली की वेतन थांबते. अंगठ्याचे ठसे झिजलेल्या वृद्धाला यंत्रासमोर उभे राहून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते.

या दोघांनाही सत्काराहून अधिक निकड आहे ती एका माणसाची. कागद वाचून देणारा, अर्ज भरून देणारा, जिल्ह्याच्या कार्यालयाशी बोलणारा आणि महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी मानोऱ्यात भेटणारा माणूस त्यांना हवा आहे. २०२२ साली राज्यातील अनेक जिल्ह्यांत सैनिकांच्या महसुली व इतर तक्रारी सोडविण्यासाठी अमृत जवान सन्मान अभियान राबविण्यात आले. त्याचा हेतू चांगला होता. परंतु अभियानाला आरंभ असतो तसा शेवटही असतो. वृद्धाच्या गरजेला तसा शेवट नसतो.

इतरत्र काय झाले?

अमेरिकेतील ओहायो राज्याने यादवी युद्धातील सैनिक वृद्ध होऊ लागले तेव्हा, १८८६ साली, प्रत्येक जिल्ह्यात सैनिक साहाय्य मंडळ स्थापण्याचा कायदा केला. आजही तेथे पाच सदस्यांचे असे मंडळ असते, सदस्य स्वतः माजी सैनिक असतात, आणि त्याच्या खर्चासाठी जिल्ह्याला मालमत्ता करातून मूल्याच्या दर हजार डॉलरमागे अर्ध्या डॉलरपर्यंत रक्कम उभी करता येते. आपण सैनिकासाठी मालमत्ता कर सोडून देतो. त्यांनी सैनिकासाठी मालमत्ता करातूनच सेवा उभी केली. ब्रिटनने कराचा मार्ग न धरता कर्तव्याचा मार्ग धरला. २०२१ च्या कायद्यानुसार, नोव्हेंबर २०२२ पासून, तेथील स्थानिक संस्थांना घरे, शिक्षण व आरोग्य यांविषयी निर्णय घेताना सैनिक व माजी सैनिक यांचा विचार करणे बंधनकारक झाले.

ही उदाहरणे जशीच्या तशी उचलण्याजोगी नाहीत. ओहायोच्या जिल्ह्याची तिजोरी आणि मानोऱ्याच्या ग्रामपंचायतीची तिजोरी यांत महद् अंतर आहे. परंतु दोन्ही ठिकाणी कायद्याने अधिकार, कर्तव्य अथवा पैसा यांपैकी काय दिले हे नेमके सांगितले. आपल्याकडे तेवढेच राहून गेले आहे.

एक रास्त आक्षेप

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यांत वाशिम होता. ज्या गावात शेतमजुराच्या विधवेला आधार नाही, त्या गावाने सैनिकाच्या विधवेसाठी वेगळी सोय का करावी? ज्याला निवृत्तिवेतन आहे तो तर गावात सुस्थितीतच मानला जातो.

या आक्षेपाला उत्तर एवढेच की गावाचा पैसा सरसकट सर्व माजी सैनिकांवर खर्च होऊ नये. तो निवृत्तिवेतन नसलेल्यांवर, विधवांवर, अपंगांवर आणि अंथरुणाला खिळलेल्यांवर खर्च व्हावा. त्यांच्यासाठी उघडलेल्या खोलीत शेतमजुराच्या विधवेचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही भरून मिळाला तर कोणाचे काय बिघडेल? सैनिकाच्या निमित्ताने उभी राहिलेली सेवा गावातील सर्व दुर्बलांच्या उपयोगी पडू शकते. घरपट्टीच्या माफीला हे साधत नाही.

उंबरठ्यावर आलेला प्रश्न

हा विषय आज तातडीचा का झाला, याचे कारण अग्निपथ योजनेत आहे. जून २०२२ मध्ये ही योजना जाहीर झाली. २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी दाखल झालेल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस व २०२७ च्या आरंभी पूर्ण होतात. योजनेनुसार त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत जवानांना सैन्यात कायम करावयाचे आहे. उरलेल्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी परतावयाचे आहे. त्यांना निवृत्तिवेतन नाही, आरोग्य योजना नाही, आणि योजनेच्या अटींनुसार माजी सैनिक हा दर्जाही नाही.

याचा परिणाम गावात काय होईल ते पाहावे. माजी सैनिक हा दर्जा नाही म्हणजे त्या दर्जावर मिळणारे प्रमाणपत्रही नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणजे घरपट्टीची माफीही नाही. एकाच गल्लीत दोन घरे असतील. दोघांनीही सीमेवर पहारा दिलेला असेल. एकाला पंचायत ओळखेल, दुसऱ्याला ओळखणार नाही. निमलष्करी दलांत या तरुणांसाठी जागा राखून ठेवण्याच्या घोषणा झाल्या आहेत. पण ती भरती कोठे, कधी आणि कशी होते हे पंचविशीतील तरुणाला सांगणारे कोणी गावात असावे लागते. तालुक्यातील सेवा केंद्राने आपल्या नोंदवहीत त्याच्यासाठी एक रकाना ठेवला, तर त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

मग करावे काय?

नव्या टक्केवारीचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे. स्वतःच्या उत्पन्नातील ३० टक्के आधीच नेमून दिलेले असताना आणखी एक वाटा कापला, तर तो कागदावरच राहील. त्याऐवजी तीन साध्या गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, राज्य शासनाने एका शासन निर्णयाद्वारे स्पष्ट लिहावे की गरजू माजी सैनिक, त्यांच्या विधवा आणि परतलेले अग्निवीर यांच्यासाठी सेवा पुरविणे हा स्थानिक संस्थांचा वैध खर्च आहे. यामुळे ग्रामसेवकाची भीती जाईल.

दुसरी, सैनिकांची जेवढी घरपट्टी माफ झाली तेवढी रक्कम राज्याने त्या त्या ग्रामपंचायतीला व नगरपंचायतीला भरून द्यावी, आणि त्यांनी ती याच सेवेवर खर्च करावी. सन्मान राज्याने जाहीर केला असेल तर त्याचे मोलही राज्याने द्यावे. एका गावाची रक्कम लहान असेल. पण तालुक्यातील सर्व गावांची एकत्र केली, तर महिन्यातून एक दिवस मानोऱ्यात पंचायत समितीच्या आवारात बसणाऱ्या माणसाचा प्रवास आणि मानधन यांना तिचा हातभार लागेल, आणि उणे पडेल ते जिल्हा परिषदेने आपल्या उत्पन्नातून द्यावे.

तिसरी गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. अनेक ग्रामपंचायतींत आपले सरकार सेवा केंद्र आहे, तेथे संगणक परिचालक आहे. ‘स्पर्श’ची कामे सामाईक सेवा केंद्रांतून होऊ शकतात. गावातील सैनिक कुटुंबांची यादी करणे आणि हयातीच्या नोंदणीची त्यांना वेळेवर आठवण देणे, याला ठरावाखेरीज फारसे काही लागत नाही.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीत पूरकतेचे एक तत्त्व आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या परिपत्रकात ते मांडले. लहान समूहाला जे स्वतः करता येते ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेऊ नये, असा त्याचा आशय सहसा सांगितला जातो. त्याची दुसरी बाजू आपण विसरतो: लहान समूह जेथे कमी पडतो तेथे मोठ्याने त्याला साहाय्य केले पाहिजे. मानोऱ्याच्या संदर्भात ही दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. जवळच्या माणसाला जवळच्याने सांभाळावे, हे योग्यच. पण त्याच्या हाती सांभाळण्याचे साधनही दिले पाहिजे.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या गावाचे मतदार आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याची आपल्याकडे रीत आहे. ध्वजवंदन झाल्यावर आपण मिठाई घेऊन घरी परततो, आणि सभा मोजक्या माणसांत उरकली जाते. पुढच्या वेळी थोडे थांबावे आणि एवढेच विचारावे: आपल्या गावात सैन्यातून परतलेले किती, त्यांतील निवृत्तिवेतन नसलेले किती, त्यांच्या मागे राहिलेल्या विधवा किती? मानोरा शहरात राहणाऱ्यांनी हाच प्रश्न आपल्या नगरसेवकाला विचारावा. उत्तर मिळाले नाही, तर यादी करण्याचा ठराव मांडावा. त्याला पैसा लागत नाही, आणि त्यासाठीचा अधिकार ग्रामसभेला आधीच आहे.